दहावीच्या फॉर्मची वाट पाहू नका: दिव्यांग मुलांचं मूल्यमापन, कायदा आणि आपण करायची कामं

दिवाळीच्या आगेमागे दहावीचे फॉर्म सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, मुलाला लेखनिक मिळेल का? सर्टिफिकेट किती दिवसांत निघतं?" मी उलट एकच विचारते, "लिहायला त्रास होतोय हे पहिल्यांदा कधी जाणवलं?" उत्तर बहुतेकदा 'तिसरीत' किंवा 'चौथीत' असं येतं. म्हणजे सहा-सात वर्षं प्रत्येक घटक चाचणीत, प्रत्येक सत्र परीक्षेत त्या मुलाच्या ज्ञानाऐवजी त्याचा त्रासच मोजला गेला. वहीवर लाल शेरे पडले, 'लक्ष देत नाही' असं प्रगतिपुस्तकात लिहिलं गेलं. आणि आता फेब्रुवारीच्या परीक्षेसाठी सगळी धावपळ.

मी विशेष शिक्षिका आहे. शाळांमध्ये जाऊन मुलांना, त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना मदत करणं हे माझं रोजचं काम. या लेखात महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये दिव्यांग मुलाचं मूल्यमापन कायद्यानुसार कसं व्हायला हवं आणि त्यासाठी कोणी, कधी, काय करायचं ते क्रमाने सांगते. माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर उभं आहे: हा हक्क पहिलीच्या पहिल्या चाचणीपासूनचा आहे. बोर्डाची परीक्षा हा त्याचा शेवटचा टप्पा.

आधी कायदा, पण कामापुरता

दोन कायदे डोक्यात पक्के ठेवा.

पहिला शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी तो आहे. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाचं मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष असावं आणि शिक्षण भीती, दडपणापासून मुक्त असावं असं म्हटलं आहे. यावर आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० ला शासन निर्णय काढला आणि आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धत आणली. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं. हा निर्णय दिव्यांग मुलांच्या फार कामाचा आहे, कारण विषय आणि मूल पाहून साधन निवडायची मोकळीक त्यात शिक्षकाला मिळाली. लेखी चाचणीत गप्प राहणारं मूल तोंडी कामात खुलत असेल, तर ती नोंद तितकीच खरी आणि तितकीच अधिकृत.

दुसरा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वाची नोंद होती. नव्या कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता तर आहेतच, शिवाय विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे डिसलेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लेखनातली), डिसकॅल्क्युलियाही (गणितातली) आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं शाळाशाळांत आहेत. ऐन परीक्षेच्या दिवशी अंगदुखीने तळमळणाऱ्या अशा मुलाला 'गैरहजर' लिहून शाळेचं काम संपत नाही. त्याच्यासाठी तोच पेपर दुसऱ्या दिवशी घेणं हीही कायद्याच्या भाषेत वाजवी सोयच.

'वाजवी सोय' हे शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे आवश्यक ते बदल करायचे, शाळेवर अवाजवी बोजा पडणार नाही इतके. अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. आपण रोजच्या बोलण्यात 'सवलत' म्हणतो, बोर्डाच्या कागदावरही तोच शब्द आहे, आणि मीही या लेखात तो वापरणार आहे. पण मुख्याध्यापकांशी बोलताना हे मनात असू द्या की तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

कलम १६ शाळांची कर्तव्यं सांगतं. त्यातली दोन मूल्यमापनाशी थेट जोडलेली आहेत. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवण्याचे उपाय करणं, आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची प्रगती व सहभाग यांवर लक्ष ठेवणं. कलम १७ मध्ये सरकारने अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत बदल करावेत असं म्हटलं आहे, उदाहरणार्थ वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. "आधी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आणा, मग बघू" हे उत्तर शाळेत सर्रास मिळतं. किमान चाळीस टक्के अपंगत्वाची ही अट आरक्षणासारख्या काही लाभांसाठी आहे. शाळेने मुलाची अडचण ओळखावी आणि वर्गात सोय करावी ही जबाबदारी त्या आकड्यावर अवलंबून नाही. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत, पण चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितलं की ठरावीक टक्केवारी नसली तरी लेखनिकाची सोय नाकारता येणार नाही.

पहिलं काम: पाहा आणि लिहून ठेवा

तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. मी म्हटलं, "सत्तेचाळीस लिही." त्याने विचार केला, ओठ हलवले आणि लिहिलं ७४. मग मी म्हटलं, "चाळीस आणि सात लिही." त्याने लगेच ४७ लिहिलं. मराठीत आपण संख्या उलट्या क्रमाने बोलतो, सत्ते आधी, चाळीस मागून. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत जोडली, तेव्हा घराघरांत वाद झाले. त्या वादात कोणाचं काय मत होतं ते राहू दे. पण या मुलासाठी ती पद्धत म्हणजे दार उघडण्यासारखं होतं. त्याला दशक-एकक कळत होतं. श्रुतलेखनाची चाचणी मात्र सांगत होती की त्याला संख्या येत नाहीत.

अशा गोष्टी तारीख घालून वहीत लिहा. 'अभ्यासात मागे' असं लिहू नका, त्याने कोणाचंच काम होत नाही. नेमकं लिहा: घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ. जोडाक्षर आलं की शब्द सोडून देतो. ऱ्हस्व-दीर्घ तर जाऊ द्या, वेलांटी कोणत्या बाजूला द्यायची तेच दर वेळी बदलतं. फळ्यावरचं उतरवताना ओळ हरवते. तोंडी विचारलं तर गोष्ट पूर्ण सांगतो, लिहायला दिलं तर तीन वाक्यांत थांबतो. ही शेवटची नोंद सोन्यासारखी आहे, कारण बोलण्यातला आणि लिहिण्यातला फरक तिथे दिसतो.

शिक्षकांसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे ॲप आणि तपासणी सूची २०२२ पासून उपलब्ध आहे. वर्गशिक्षकाने ती भरायची असते. तिने निदान होत नाही, कोणत्या मुलाला पुढे पाठवायचं ते कळतं. पालकांनी शाळेला "प्रशस्तची सूची भरली का?" एवढं विचारलं तरी पुष्कळदा काम हलतं.

आणि एक साधी गोष्ट. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. चष्म्याचा नंबर निघाल्यावर फळ्यावरचं अचूक उतरवणारी मुलं मी पाहिली आहेत.

दुसरं काम: शाळेला लेखी अर्ज

वर्गाबाहेर उभं राहून बाईंशी बोलणं चांगलंच, पण त्याची नोंद राहत नाही. वर्षाच्या सुरुवातीला, जून-जुलैमध्ये मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा. भाषा साधी ठेवा. मी पालकांना साधारण असा मजकूर देते:

"माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता चौथी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. त्याला वाचताना व लिहिताना सातत्याने अडचण येते. सोबत त्याच्या वहीच्या काही पानांच्या प्रती व आमच्या नोंदी जोडल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार त्याची प्राथमिक तपासणी करून घ्यावी, विशेष शिक्षकांकडे त्याची नोंद करावी आणि तोपर्यंत घटक चाचण्यांमध्ये वाढीव वेळ, प्रश्न वाचून दाखवणे व तोंडी उत्तरे स्वीकारणे या सोयी द्याव्यात ही विनंती. याबाबत आपल्याला भेटण्यासाठी वेळ मिळावी."

अर्जातले 'तोपर्यंत' आणि 'भेटण्यासाठी वेळ' हे शब्द काढू नका. पहिल्यामुळे निदानाची वाट पाहण्यात वर्ष वाया जात नाही. दुसऱ्यामुळे शाळेला कळतं की तुम्ही भांडायला नाही, सोबत काम करायला येताय. पहिल्या भेटीत आवाज चढला की पुढची दोन वर्षं त्या वर्गातलं वातावरण बिघडतं आणि ते मुलालाच सोसावं लागतं.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून किंवा शहर साधन केंद्रातून येतात. मुख्याध्यापक 'आमच्याकडे नाहीत' म्हणाले तर केंद्रप्रमुखांना विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात आमच्यापैकी अनेक जणी एकेका आठवड्यात कितीतरी शाळा फिरतात. म्हणून तुमच्या शाळेत येण्याचा दिवस कोणता ते विचारून घ्या आणि त्या दिवशी भेटा.

तिसरं काम: प्रमाणपत्र

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र त्याच मार्गाने मिळतं आणि सोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. अर्जात रुग्णालय निवडायचं, मग तिथे तपासणी. दिसणाऱ्या अपंगत्वासाठी जिल्हा रुग्णालयात काम होतं. अध्ययन अक्षमतेची तपासणी मात्र सगळीकडे होत नाही, मोठ्या शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयातच जावं लागतं. मुंबईत शीव, केईएम, नायर या रुग्णालयांत पालकांच्या रांगा असतात.

ही तपासणी एका दिवसात उरकत नाही. बालरोगतज्ज्ञ, डोळे-कान, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी चाळणी करावी असं आहे. प्रमाणपत्र पुन्हा १४ व्या आणि १८ व्या वर्षी तपासून घ्यायचं, १८ नंतरचं कायमचं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चौथीत काढलेलं प्रमाणपत्र दहावीला जसंच्या तसं चालेल असं समजू नका. आठवीच्या वर्षात नवीन तपासणीची तारीख घेऊन ठेवा.

जाताना काय न्यायचं: शाळेचा अहवाल, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि दोन वह्या, एक सुवाच्य वाटणारी, एक नेहमीची. पालक बरेचदा चांगली वहीच घेऊन येतात, मुलाची लाज वाटू नये म्हणून. डॉक्टरांना नेहमीची वही हवी असते. मूल मराठी माध्यमात शिकत असेल तर चाचणीही मराठीत व्हावी, हे तिथे गेल्यावर स्पष्ट सांगा.

एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता, एकवीसच्या यादीत वेगळी नोंदलेली नाही. तिच्यासोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिचं प्रमाणपत्र निघू शकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी तपासणी मागा. वर्गातली साधी मदत, म्हणजे पुढच्या बाकावर जागा, पेपर दोन भागांत, मध्ये पाच मिनिटं पाय मोकळे करणं, यासाठी कोणत्याच कागदाची गरज नाही.

चौथं काम: वर्गातलं मूल्यमापन बदलणं

हा भाग शिक्षकांसाठी. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

कोणतीही चाचणी काढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा: या प्रश्नातून मला नेमकं काय तपासायचं आहे? इतिहासाच्या पेपरात शिवरायांच्या आरमाराची माहिती तपासायची आहे, तर मुलाला प्रश्न वाचून दाखवला आणि उत्तर तोंडी घेतलं म्हणून काहीच बिघडत नाही. शुद्धलेखनाचे गुण तिथे कापू नका, ते त्या पेपराचं काम नाही. पण चाचणीच मराठीच्या प्रकट वाचनाची असेल तर उतारा वाचून देणं म्हणजे मोजायची गोष्टच गाळणं. तिथे उतारा छोटा घ्या, मोठ्या अक्षरात द्या, वेळ द्या, पण वाचू द्या. हा भेद पाळला की बाकीच्या मुलांवर अन्याय होतो का या शंकेचं उत्तर मिळतं. चष्मा लावलेल्या मुलाला आपण "तू चष्म्याने फसवतोस" म्हणत नाही ना?

विज्ञानात हृदयाची आकृती काढून नावं द्या, असा प्रश्न असतो. हाताच्या स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाला छापील आकृती द्या, नावं त्याने सांगावीत किंवा चिकटवावीत. अंध मुलाला नकाशाच्या प्रश्नाऐवजी तेवढ्याच गुणांचा वर्णनाचा प्रश्न. कर्णबधिर मुलाच्या भाषेच्या तोंडी परीक्षेत आवाजाला गुण द्यायचे नाहीत, खुणांनी किंवा लिहून दिलेलं उत्तरही चालवायचं. दहावीत भाषेचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. हे २० शाळेच्याच हातात आहेत, आणि तिथेच पुष्कळदा या मुलांचे गुण विनाकारण जातात.

गणितात पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. मूल उदाहरणाची रीत बरोबर मांडत असेल आणि सात आठे छप्पन्न आठवत नसेल, तर रीतीचे गुण द्या.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना सोयीसह काय जमलं ते लिहा. 'तोंडी प्रश्नांना पूर्ण वाक्यांत उत्तरे देतो. लेखनासाठी दुप्पट वेळ लागतो. आकृती दिल्यास सर्व भागांची नावे सांगतो.' अशी नोंद चौथीपासून आठवीपर्यंत दर वर्षी असेल, तर नववीत बोर्डाच्या प्रस्तावाला जोडायला तिच्यासारखा पुरावा नाही.

वैयक्तिक शिक्षण आराखडा विशेष शिक्षक तयार करतात, पण तो फाईलमध्ये राहून उपयोग नाही. त्यातला मूल्यमापनाचा भाग एका पानावर उतरवून प्रत्येक विषय शिक्षकाला द्या आणि त्यावर सही घ्या. सहावीपासून विषयाला वेगवेगळे शिक्षक येतात. मराठीच्या बाईंना माहीत असतं, भूगोलाच्या सरांना नसतं, आणि ते मूल भूगोलाच्या तासाला पुन्हा पहिल्यापासून समजावत बसतं.

वर्गासमोर सोय जाहीर करू नका. "याला जास्त वेळ मिळणार, कारण तो..." हे वाक्य त्या मुलाला वर्षभर डिवचण्यासाठी पुरतं. सर्वांसमोर मुद्दाम केलेल्या अपमानाला या कायद्याच्या कलम ९२ मध्ये शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा त्या मुलाचा चेहरा आठवून हे टाळावं असं मला मनापासून वाटतं.

पाचवी आणि आठवी

शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची आणि नापास मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा मिळते. परीक्षेतल्या सवलती फक्त दहावी-बारावीसाठी नाहीत. राज्याचा ऑक्टोबर २०१८ चा शासन निर्णय पहिलीपासून बारावीपर्यंतच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे. पुनर्परीक्षेची वेळ येण्याआधीच, जानेवारीत, शाळेला वार्षिक परीक्षेतल्या सोयींची लेखी आठवण द्या. पुनर्परीक्षा झालीच तर तिथेही त्याच सोयी मागा.

पाचवं काम: नववीतच बोर्डाची तयारी

बोर्डाच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. राज्यात नऊ विभागीय मंडळं आहेत, तुमची शाळा ज्यात येते तिथे. नववीच्या दुसऱ्या सत्रात मुख्याध्यापकांना भेटून यादी ठरवा. साधारणपणे मागता येण्यासारख्या सोयी: तासाला २० मिनिटं वाढीव वेळ, म्हणजे दोन तासांच्या बीजगणिताच्या पेपराला ४० मिनिटं आणि तीन तासांच्या भाषेच्या पेपराला एक तास. लेखनिक. वाचक. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. तळमजल्यावर बसण्याची सोय. आकृतीतून सूट. कॅल्क्युलेटर. उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त २० सवलतीचे गुण. सगळ्या सोयी सगळ्यांना नसतात, अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे त्या ठरतात.

दोन सवलती मात्र हात राखून घ्या. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. पालकांना हायसं वाटतं, पण त्यामुळे अकरावीत विज्ञानाची वाट आणि गणित मागणारे बरेच अभ्यासक्रम बंद होतात. भाषेतून सूट घेतानाही पुढे कुठे जायचंय ते पाहा. मुलाला विचारा. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःला काय आवडतं ते बऱ्यापैकी सांगता येतं. दुसरी कोणतीही सोय देऊन गणित जमत असेल तर आधी ती वापरून पाहा.

लेखनिक एक इयत्ता खालचा घ्यायचा, दहावीसाठी नववीचा. आणि इथे माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे: लेखनिकासोबत सराव करा. मी एका मुलीला पहिल्यांदा लेखनिकासोबत बसवलं तेव्हा ती वीस मिनिटं गप्प होती. तिला उत्तर येत होतं, पण डोक्यातलं वाक्य दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं हेच कळत नव्हतं. मग आम्ही आधी फक्त एका परिच्छेदाचा सराव केला. "नवा परिच्छेद," "हा शब्द अधोरेखित कर," "मागचं वाक्य वाचून दाखव," "ते खोड." गणितात तर "कंसात एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, वर दोनचा घात" असं एकेक चिन्ह सांगावं लागतं. आठ-दहा बैठकांनंतर ती स्वतःहून म्हणाली, "मॅडम, मी सांगते, तिला फक्त लिहू द्या." सहामाही आणि पूर्वपरीक्षा याच लेखनिकासोबत व्हायला हव्यात. ऐनवेळी तो आजारी पडला तर म्हणून दुसरा मुलगा तयार ठेवा.

नकार मिळाला तर

आधी शाळेकडून नकार लेखी मागा. पुष्कळदा लेखी द्यायची वेळ आली की नकाराचा होकार होतो. नाही झाला तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी असा क्रम धरा. मुंबईत शिक्षण निरीक्षक. प्रत्येक पत्रासोबत आवक शिक्का असलेली शाळेची प्रत जोडा. बोर्डाच्या सवलतींबद्दल असेल तर विभागीय सचिव.

त्यापुढे दिव्यांग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त, कार्यालय पुण्यात. साध्या कागदावर तक्रार चालते, वकील लागत नाही. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढे ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

तक्रारीत घटना तारखेनिशी लिहा, राग बाजूला ठेवा, मागणी एका वाक्यात. 'पूर्वपरीक्षेच्या आत लेखनिक व वाढीव वेळ मंजूर करावा' अशी.

दहावीनंतर ती फाईल

दहावी झाली की पालक सुटकेचा श्वास टाकतात आणि फाईल कपाटात जाते. ती बाहेरच ठेवा. अकरावी प्रवेशाला यूडीआयडी लागतं, बारावीसाठी प्रस्ताव पुन्हा नव्याने द्यावा लागतो आणि १८ व्या वर्षाची तपासणी त्याच सुमाराला येते. नीट, जेईई, सीईटीच्या अर्जात दिव्यांगाचा रकाना पहिल्या दिवशीच भरा, नंतर दुरुस्ती जिकिरीची होते.

परीक्षा केंद्रावर जाताना प्रमाणपत्राची प्रत, प्रवेशपत्र आणि त्या परीक्षेच्या माहितीपत्रकातलं वाढीव वेळेचं पान छापून न्या. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर तिच्या हक्काचा एक तास मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयात यश न आल्यावर ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेची चूक मान्य केली आणि केंद्रावरच्या लोकांना या नियमांचं प्रशिक्षण द्यायला सांगितलं. परीक्षा मात्र तिच्यासाठी पुन्हा झाली नाही. म्हणून केंद्रावर तासभर आधी पोहोचा, केंद्रसंचालकांना भेटा, छापील पान हातात द्या आणि पर्यवेक्षकाला किती वाजता पेपर गोळा करायचा आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या.